"गॅस टाकून द्या" म्हणण्याआधी: गाडीचा एसी गार का करत नाही?

मार्च उलटला की एसीच्या गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं, "दादा, एसी गार करत नाहीये, जरा गॅस टाकून द्या." दादाही नाही म्हणत नाहीत. गेज (दाब मोजायचं यंत्र) लावतात, डब्यातून थोडा गॅस सोडतात, झरोक्यापुढे हात धरून बघायला सांगतात आणि पैसे घेतात. एप्रिल बरा जातो. मे महिन्यात तीच गाडी आणि तेच वाक्य.

गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघेही इथे एक गोष्ट गृहीत धरून चालतात: एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होतो. तो होत नाही. बंद नळ्यांच्या चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, जळत नाही की झिजत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे. रबरी होज आणि सील यांतून वर्षाला काही ग्रॅम सगळ्याच गाड्यांतून निसटतात, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत एकदा गॅस कमी निघाला तर त्यात नवल नाही. दर उन्हाळ्यात लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला प्रत्येक ग्रॅम हवेत सोडण्यासाठीच भरलेला असतो. शिवाय बऱ्याचदा गॅस अगदी पुरेसा असतो आणि बिघाड भलतीकडेच निघतो.

तो कुठे आहे हे ओळखायचं तर गारवा कसा तयार होतो हे ढोबळपणे माहीत हवं.

उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची

एसी थंडी "बनवत" नाही. तो केबिनमधली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, वायूचा पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हे काम करणारा पदार्थ म्हणजे आर-१३४ए. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे उघड्यावर ठेवला तर लेहच्या कडाक्यातही उडून जाईल. पण दाब वाढवला की त्याचं उकळण्याचं तापमान चढतं आणि दाब कमी केला की उतरतं. सगळी करामत या एका गुणधर्मावर उभी आहे.

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तापलेला गॅस गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्याही पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे साधारण ५५ ते ६५ अंशांना त्याचा द्रव होतो. मे महिन्यातली अकोल्याची ४५ अंशांची हवा आपल्याला भट्टी वाटते, पण ६० अंशांच्या गॅसच्या मानाने ती गारच असते, म्हणून कंडेन्सरमधली उष्णता ती घेऊन जाऊ शकते. पुढे ड्रायर लागतो. तो ओलावा आणि कचरा अडवतो. मग डॅशबोर्डच्या मागे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. त्याच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताच द्रवाचा दाब एकदम कोसळतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तो चार-पाच अंशांना उकळू लागतो. ब्लोअर, म्हणजे एसीचा आतला पंखा, या कॉइलमधून केबिनची हवा ढकलतो. उष्णता गॅसने घेतली, हवा गार झाली, गॅस परत कॉम्प्रेसरकडे गेला.

हवेतल्या बाष्पाचंही पाणी याच कॉइलवर होतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. गाडीखाली पाणी दिसलं की काही जण घाबरून गॅरेज गाठतात, खरं तर ते कॉइल गार होत असल्याचं लक्षण आहे. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद या बाष्पाचं पाणी करण्यातच जाते. त्यामुळे तीच गाडी ३४ अंशांच्या मुंबईत कमी गार आणि ३८ अंशांच्या कोरड्या सोलापुरात जास्त गार वाटू शकते. तिथे बिघाड काहीच नसतो. पाणी बाहेर न पडता पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला करत असेल तर मात्र ड्रेनची नळी तुंबली आहे. तो एसीचा बिघाड नव्हे, मिनिटांचं काम आहे.

"गार करत नाही" म्हणजे नेमकं काय?

चांगला एसी मेकॅनिक गेज काढण्याआधी हा प्रश्न विचारतो. उत्तरात अर्धं निदान असतं.

हवाच कमी येतेय, पण जी येते ती गार आहे? मग गॅसचा काही संबंध नाही. आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि कुठलंही हत्यार न लागता निघतो. रस्त्याची धूळ, वाळकी पानं, कधी उंदराने आणून ठेवलेला कापूस, काय वाटेल ते त्यात सापडतं. काहीशे रुपयांचा हा फिल्टर न बदलता हजारोंची बिलं भरलेले लोक आहेत. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल आणि बाकीच्या स्पीडवर मुका असेल, तर साध्या एसीच्या गाडीत जवळजवळ हमखास ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टर गेलेला असतो.

हवा जोरात येतेय, पण कोमट? तर एक साधी परीक्षा. इंजिन पुरतं तापलेलं असताना एसी बंद करा, बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा, तापमानाची कळ पूर्ण थंडवर न्या आणि ब्लोअर लावा. आत येणारी हवा बाहेरच्या हवेइतकीच हवी. ती त्याहून चांगलीच गरम लागली तर हिटरची उष्णता मिसळते आहे. डॅशबोर्डच्या आत एक झडप असते, ती थंड आणि गरम हवेचं प्रमाण ठरवते. तिची केबल निसटते किंवा तिला फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते मोडतात. डॅशबोर्डमागून टक-टक-टक आवाज येत असेल तर बहुधा तीच. एसी बिचारा गार हवा तयार करत असतो आणि पुढच्या वळणावर ती पुन्हा तापवली जाते. अशा गाडीत कितीही गॅस भरा.

हायवेला मस्त गार, सिग्नलला कोमट? कंडेन्सरवरून पुरेशी हवा जात नाही. वेगात गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्यावर अवलंबून राहावं लागतं. एसी लावल्यावर बॉनेटखालचा पंखा फिरतो का ते बघा. फिरत असेल तर पूर्ण वेगाने की रडतरखडत, तेही बघा. फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), मोटरचे कार्बन ब्रश, काहीही असू शकतं. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरच्या पत्र्यांत चिखल, किडे आणि धूळ यांचा थर असतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तर गालिचाच जमतो आणि तो समोरून दिसत नाही. साध्या पाइपच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात, मग हवा जायला जागाच राहत नाही.

सुरुवातीला झकास गार, अर्ध्या-पाऊण तासाने बंद? इथे तीन वेगवेगळे बिघाड सारखेच दिसतात आणि त्यांतला फरक ओळखता आला तर बराच खर्च वाचतो. हवेचा जोर हळूहळू कमी होत गेला, थांबून पंधरा-वीस मिनिटं एसी बंद ठेवल्यावर गाडीखाली भरपूर पाणी पडलं आणि मग सगळं सुरळीत झालं, तर कूलिंग कॉइलवर बर्फ चढतोय. कॉइलचं तापमान बघून कॉम्प्रेसर वेळीच थांबवणारा सेन्सर नीट काम करत नाही, किंवा तुंबलेल्या फिल्टरमुळे कॉइलवर हवाच कमी पोचतेय. हवेचा जोर तसाच आहे, पण गारवा येतो-जातो, तर आतल्या गॅसमध्ये ओलावा असू शकतो. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, रस्ता बंद करतो आणि वितळला की मोकळा करतो. तिसरा संशयित म्हणजे कॉम्प्रेसरचा मॅग्नेट क्लच.

या क्लचवर जरा थांबू, कारण त्याच्या नावाखाली अख्खे कॉम्प्रेसर बदलले जातात. पट्ट्याची पुली सतत फिरत असते, पण कॉम्प्रेसर तेव्हाच फिरतो जेव्हा क्लचची कॉइल चुंबक होऊन पुढची तबकडी पुलीला चिकटवते. तबकडी आणि पुली यांच्यातली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती वाढते. गार असताना चुंबक ती तबकडी कशीबशी ओढतो. कॉइल तापली की तिचा जोर घटतो आणि तबकडी सुटते. कित्येक क्लचमध्ये यावर उपाय म्हणजे तबकडीमागची एक बारीक चकती काढून फट पुन्हा मापात आणणं. ते न झालं तर क्लचचा संच वेगळा मिळतो. कॉम्प्रेसरला हात लावायची गरज नसते. "कॉम्प्रेसर गेला" असं कोणी म्हणालं तर क्लच, त्याची कॉइल आणि फट तपासली का, एवढं विचारून बघाच.

क्लच लागतोय की नाही हे घरी बघता येतं. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी आतून एसी लावायला सांगा. "टक्" असा आवाज येतो, इंजिन क्षणभर दबतं आणि पुलीच्या मधली तबकडी फिरू लागते. ओढणी, सैल बाह्या, हातातलं कडं पट्ट्यापासून लांब ठेवा, पंखा तर न सांगता सुरू होतो. क्लच लागलाच नाही तर फ्यूज बघा. रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा. वायर उंदराने कुरतडली आहे का तेही बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा उंदीर कोणत्याही सेन्सरइतकाच नेहमीचा गुन्हेगार आहे. हे सगळं ठीक असेल तर गॅस इतका कमी झाला असेल की प्रेशर स्विचनेच कॉम्प्रेसरला परवानगी नाकारली. ती सोय कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी असते. काही महाभाग त्या स्विचच्या दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवतात. मग तो तेलाविना फिरतो आणि खरोखरच जातो.

इंजिन जास्त तापलं तरी गाडीचा कॉम्प्युटर एसी बंद करतो. तेव्हा तक्रार एसीची असली तरी दुखणं रेडिएटरचं असतं. आणि काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. पुलीबरोबर कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याचा जोर कमी-जास्त करतो. तिथे डोळ्यांनी काही ठरवता येत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

दोन काटे काय सांगतात

इथपर्यंत काही सापडलं नाही तर गेजची वेळ आली. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाचा. निळ्या काट्याचे आकडे खरं तर तापमानच आहेत. आर-१३४ए साठी २८ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे शून्य अंश, ३५ म्हणजे साधारण ४ अंश, ४० म्हणजे ७. म्हणून चालू एसीत निळा काटा ढोबळमानाने ३० ते ४० मध्ये हवा. फार खाली गेला तर बर्फ, फार वर गेला तर गारवा नाही. लाल काटा बाहेरच्या उन्हाप्रमाणे बदलतो. ४० अंशांच्या दुपारी २०० ते २६० च्या दरम्यान असला तर बिचकायचं कारण नाही.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झालाय, कंडेन्सर तुंबलाय, पंखा बंद आहे किंवा गॅसमध्ये हवा शिरली आहे. अशा गाडीत आणखी गॅस टाकणं म्हणजे काटे आणखी वर ढकलणं. निळा काटा शून्याकडे किंवा त्याहून खाली गेला आणि लाल फारसा चढत नाही, तर मध्ये कुठेतरी रस्ता अडलाय, बहुतेक वेळा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी. निळा वर, लाल खाली आणि इंजिन रेस केलं तरी दोघांत अंतर पडत नाही, तर कॉम्प्रेसर गॅस दाबतच नाहीये. कॉम्प्रेसर खरोखर गेल्याचं हे लक्षण.

गेजला एक गोष्ट मात्र सांगता येत नाही: गॅस किती आहे. रात्रभर उभ्या गाडीला गेज लावलं तर दोन्ही काटे सारखे असतात आणि ते फक्त हवामान दाखवतात. ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ३५ ला ११४, ४० ला १३३. आत २०० ग्रॅम असो की ४५०, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी आकडा तोच. घरच्या गॅस सिलिंडरचंही असंच असतं. निम्मा संपला तरी शेगडीची ज्योत तशीच राहते, म्हणून डिलिव्हरीवाल्याला आपण सिलिंडर वजनकाट्याला लावायला सांगतो. गाडीतही तेच करायला हवं. मग "प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे" या वाक्याला अर्थ उरत नाही. उभ्या गाडीचा आकडा यापेक्षा बराच जास्त आला तर आत हवा किंवा दुसराच गॅस मिसळलाय. बराच कमी आला तर द्रव संपला, टाकी जवळजवळ रिकामी.

म्हणून अंदाजाने केलेलं टॉप-अप मला पटत नाही. छोट्या गाडीत सगळा मिळून साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस मावतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एवढ्याशा हिशेबात पन्नास-शंभर ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक. जास्त झालेला गॅसही गारवा कमीच करतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता सोडायला जागा कमी पडते आणि लाल काटा चढत जातो.

गळती शोधणं हेच खरं काम

गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर फिरणारं कॉम्प्रेसरचं तेल दिसतं. जिथून गॅस निसटतो तिथे थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरच्या एखाद्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग दिसला तर निम्मं काम झालं. गेज जोडायच्या तोंडातली पिन हीसुद्धा नेहमीची जागा. टोपणाखाली साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर पिन बदला, दोन-चार मिनिटं लागतात. कंडेन्सर पुढे असल्याने दगडाचे टोले खातो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारी हवा त्याला कुरतडते. सांध्यांतल्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगा, वयाने कडक होतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील तर गाडी महिनोन्‌महिने एसीविना चालली की सुकतं, म्हणून हिवाळ्यातही अधूनमधून दहा मिनिटं एसी लावावा.

बाहेर काहीच सापडलं नाही तर संशय कूलिंग कॉइलवर जातो आणि तिथे पोचायला बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. कॉइलच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त. नुसत्या अंदाजावर हे काम काढू देऊ नका. गॅसमध्ये रंग मिसळून काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली बघता येतं. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ड्रेनच्या तोंडाशी किंवा झरोक्यात धरून बघता येतो. शंका उरलीच तर गॅस काढून नायट्रोजन भरायचा आणि काटा खाली येतो का ते तासभर बघायचं. नायट्रोजनच, दुसरं काही नाही. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मारली तर ओलावा आत जातो, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोटच. डॅशबोर्ड खोलावाच लागला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कॉइलचा सेन्सर तिथल्या तिथे बदलून घ्या. हे भाग तुलनेने स्वस्त असतात आणि दुसऱ्यांदा डॅश उघडायची कोणाचीच इच्छा नसते.

गळती बंद करणारं म्हणून एक औषध डब्यातून मिळतं. ते घेऊ नये. ते भोकाबरोबर व्हॉल्व्हचं छिद्रही बुजवतं आणि चांगल्या गॅरेजचं मशीनही बिघडवतं, म्हणून पुढचा मेकॅनिक तुमच्या गाडीला हात लावायला तयार होत नाही.

गळती तशीच ठेवून वर्षानुवर्षं गॅस भरत राहण्याचा खरा हिशेब कॉम्प्रेसरला चुकवावा लागतो. गॅसच तेल फिरवतो. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही, आणि जे गळतं ते वर कोणी टाकतही नाही. एक दिवस कॉम्प्रेसर अडकतो आणि त्याच्या धातूचा काळा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच चुऱ्याने जातो. पाइप धुवावे लागतात, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावे लागतात, आणि आजकालच्या कंडेन्सरच्या केसासारख्या वाहिन्या धुऊन निघत नाहीत म्हणून तोही. कित्येकदा सुरुवात झालेली असते एका ओ-रिंगपासून.

भरताना

दुरुस्ती झाली की आधी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्या पुरत्या रिकाम्या करणं. यात आतली हवा तर जातेच, पण दाब इतका उतरतो की नळ्यांतलं पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळून वाफ होऊन निघून जातं. निदान अर्धा तास पंप चालायला हवा, मग पंप बंद करून काटा हलत नाही ना ते बघायचं. एक गंमत: पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने तिथे व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास थांबतो, मुंबईत तो २९ च्या पुढे जातो. पंप खराब नाही, पुण्यात हवाच तेवढी पातळ आहे. चक्र उघडलं असेल तर ड्रायर नवा हवा, कारण उघड्या हवेत तो लगेच ओलावा पिऊन निकामी होतो. गळालेल्या तेलाच्या मापाने योग्य प्रकारचं तेल टाकायचं आणि स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा.

गॅस कुठला, हेही विचारा. स्वस्त डब्यात एलपीजीच्या जातीचे ज्वालाग्राही गॅस निघतात. गारवा देतात, पण कूलिंग कॉइल फुटली तर ते थेट केबिनमध्ये येतात. नकली आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइडही सापडलं आहे. ते अ‍ॅल्युमिनियमशी भिडून आपोआप पेट घेणारी संयुगं बनवतं. २०११ मध्ये अशाच भेसळीमुळे जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते.

जुना गॅस हवेत सोडणं गॅरेजमध्ये अजून सर्रास चालतं. आर-१३४ए ची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. ४५० ग्रॅम सोडला म्हणजे अंदाजे २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम. मशीनने काढून घेणारं गॅरेज मिळालं तर थोडे पैसे जास्त द्यावेत. काढलेला गॅस वजन करून किती निघाला ते कळतं, आणि त्यावरून एकूण किती गळाला त्याचा अंदाज येतो. हे सगळं घरी करायच्या फंदात पडू नका, द्रव गॅस बोटावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

शेवटी थर्मामीटर. मधल्या झरोक्यात तो खोचा, आतली हवा फिरवणारं बटण लावा, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवा. कोरड्या हवेत पाच-दहा मिनिटांत आकडा दहा अंशांच्या आत-बाहेर यायला हवा. दमट किनाऱ्यावर तो थोडा जास्त राहील. उन्हात तापलेल्या गाडीत लगेच मोजू नका, आधी काचा उघडून दोन मिनिटं चालवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत यातलं बरंच लागू होतं, पण हात मात्र वेगळे लागतात. इलेक्ट्रिक गाडीत आणि पुष्कळ हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. त्याच्या नारिंगी केबलला प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये. त्याचं तेलही वेगळं, वीज न वाहू देणारं. नेहमीचं तेल चुकून गेलं तर इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी सुरूच व्हायला नकार देऊ शकते. आणि पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत हाच गॅस बॅटरीलाही गार ठेवतो. त्यामुळे उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग अचानक मंदावलं आणि एसीही जरा कमी गार वाटू लागला, तर दोन तक्रारी वेगवेगळ्या न सांगता सर्व्हिस सेंटरमध्ये एकत्रच सांगा.